वजन अडकलंय म्हणतेस, पण थांबलीय ती पाळी

तू लिहिलेलं दोनदा वाचलं. मला काकू म्हटलंयस आणि माझी मुलगीही तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तूगं करते. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वय २४, उंची १५८ सेंटिमीटर, गाव साताऱ्याकडचं, नोकरी पुण्यात, तिघी मिळून भाड्याचा फ्लॅट. पाच महिन्यांत वजन ६१ वरून ५४ किलोवर आणलंस. ॲपमध्ये मोजून दिवसाला हजार कॅलरी, संध्याकाळी सातनंतर काही नाही, रोज रील लावून पाऊण तास व्यायाम. आता दीड महिना काटा हललेला नाही. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे, तिथे तुला बघायलाही लोक येणार आहेत आणि त्याच्या आत तुला ४८ किलो व्हायचंय. तर जेवणातून आणखी काय कमी करू, हा तुझा प्रश्न.

आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस की केस मुठीने गळतात, सगळ्यांना उकडत असताना तुला थंडी वाजते, रविवारी रात्री बिस्किटांचा अख्खा पुडा संपवून रडू येतं आणि तीन महिने पाळी आलेली नाही, "पण त्याचं टेन्शन नाही, उलट कटकट गेली."

मला त्याचंच टेन्शन आहे. तेवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या तोंडून ही गोष्ट बहुतेक वेळा अशीच येते, उठता उठता, पर्स खांद्याला लावताना. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. आणखी काय कमी करायचं, तर काहीच नाही. तुझ्या ताटात आता वाढवायचं आहे.

एक आधीच कबूल करते. मी तुला पाहिलेलं नाही, तपासलेलं नाही. पाळी बंद व्हायला कारणं अनेक असतात. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढणं, पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास. यातलं काय आहे नि काय नाही हे रक्त तपासल्याशिवाय कोणीच सांगू नये. त्यामुळे याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तिथे वजन किती उतरलं, किती दिवसांत, काय खातेस, किती व्यायाम करतेस हे न विचारताही सांग. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक गाठी दिसल्या की लगेच 'पीसीओएस, वजन कमी करा' असं कागदावर लिहिलं जाण्याची शक्यता असते. पण कमी खाऊन पाळी गेलेल्या मुलींच्याही सोनोग्राफीत तसंच चित्र दिसू शकतं. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. आणि पाळी 'आणण्यासाठी' गोळ्या मिळाल्या, तर त्या घेत असताना येणारा रक्तस्राव हा गोळ्यांचा असतो, शरीर सावरल्याची ती खूण नव्हे, एवढं लक्षात ठेव. त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या होत्या. एरवीच ही अवस्था, तू तर अर्धपोटी आहेस.

आता तुझ्या वर्णनावरून मला जे वाटतं ते सांगते. शरीर वजनकाट्यावर उभं राहून हिशेब करत नाही. आलेल्या अन्नातून व्यायामाचा खर्च वजा जाऊन घर चालवायला काय उरलं, ते ते बघतं. तुझं उदाहरण घेऊ. हजार कॅलरी आल्या, पाऊण तासाच्या उड्यांत तीनशेच्या आसपास गेल्या. उरल्या सातशे. तुझ्या ५४ किलोंतली चरबी सोडली तर स्नायू, हाडं, अवयव, पाणी मिळून साधारण ३८ किलो होतात. म्हणजे दर किलोमागे १८ कॅलरी. अमेरिकेत तरुण निरोगी स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की हा आकडा ३० च्या खाली गेला की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश पाचच दिवसांत विस्कळीत होऊ लागतात. तू पाच महिने त्याच्या खूप खाली आहेस.

घरात पैसे कमी आले की आपण आधी रंगरंगोटी थांबवतो, मग दुरुस्त्या, चूल शेवटपर्यंत पेटती ठेवतो. शरीर तसंच वागतं. मूल वाढवण्याची तयारी ही त्याच्या दृष्टीने आज न केली तरी चालणारी गोष्ट, म्हणून पाळी थांबते. अंगाची ऊब कमी होते, म्हणून थंडी वाजते. केस गळतात ते कालपरवाच्या खाण्यामुळे नव्हे. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही आणि मुली तेल बदलत बसतात. आणि काटा अडकतो तोही याच काटकसरीमुळे. तू खर्चाला पैसे देत नाहीस, म्हणून शरीराने खर्चच कमी केलाय. त्यात अशा ताणात अंगात पाणी धरून राहतं. अजून कमी खाल्लंस तर ते अजून आवरतं घेईल.

यात मला सगळ्यात जास्त काळजी तुझ्या हाडांची वाटते, कारण ती दुखत नाहीत आणि दिसत नाहीत. हाडांची साठवण साधारण तिशीपर्यंत होते आणि त्याला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक लागतं. पाळी बंद म्हणजे ते कमी पडतंय. 'कटकट गेली' म्हणून तू ज्या महिन्यांना बरं म्हणतेस, त्या महिन्यांत तुझ्या साठीतल्या हाडांच्या खात्यातून पैसे काढले जातायत.

रविवारच्या बिस्किटांबद्दल तू 'माझ्यात कंट्रोलच नाही' असं लिहिलंस, ते वाचून वाईट वाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. स्वेच्छेने आलेले, मनाने खंबीर म्हणून निवडलेले पुरुष. त्यांना रोज सरासरी १५०० हून थोड्या जास्त कॅलरी मिळत होत्या, म्हणजे तुझ्यापेक्षा जास्त. काही महिन्यांत ते स्वप्नातही अन्न बघू लागले, स्वयंपाकाची पुस्तकं जमवून वाचत बसले, चिडचिडे झाले, एकटे राहू लागले. पोटभर जेवण परत मिळाल्यावर कित्येक जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भूक शमत नसे. तुझा रविवार हा सोमवार ते शनिवारच्या उपासाचा हिशेब आहे. चारित्र्याचा यात काही संबंध नाही. बुधवारी दुपारी नीट जेवायला लागलीस, की रविवारी रात्रीचा पुडा हळूहळू आपोआप सुटेल. हे मी शेकडो जणींमध्ये पाहिलंय.

आता ४८ कडे येऊ. हा आकडा कुठून आला? तुझ्या पत्रात डॉक्टरांचं नाव नाही. तुझ्याच उंचीच्या एका रीलवाल्या मुलीचं वजन ४८ आहे, एवढंच लिहिलंयस. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आज २१.६ आहे. भारतीयांसाठी निरोगी मर्यादा २३ च्या आत धरतात. तू आत आहेस. ६१ किलोला तो २४.४ होता, म्हणजे तेव्हा थोडं उतरवावं असं मी कदाचित म्हटलंही असतं, पण वर्षभरात, जेवून आणि पाळी सांभाळून.

बीएमआयच्या आकड्यावरही फार विसंबू नकोस, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून मेदाळ असू शकतो, हे त्यांचं अनेक वर्षांचं काम आहे. तुझ्या वडिलांना मधुमेह आहे असं तू लिहिलंस, म्हणून हे तुला मुद्दाम सांगते. मधुमेहाची भीती खरी आहे आणि तिच्यासाठी करायच्या गोष्टीही आहेत. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवणं, वर्षातून एकदा साखर तपासणं, स्नायू कमावणं. साखर जिरवायची मोठी जागा म्हणजे स्नायू. प्रथिनांशिवाय अर्धपोटी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर तेही झिजतात. म्हणजे काट्यावर बारीक होताना तू याज्ञिक ज्याच्याबद्दल सावध करतात त्याच दिशेने चालली आहेस.

तुझी चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. मुलीचं शरीर बाहेरून मोजायची सवय आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीची. वधूवरांच्या जाहिरातीतलं 'गोरी, सडपातळ' मी लहानपणापासून वाचत आलेय. फरक इतकाच, की तेव्हा वर्षातून चार लग्नांत चार मावश्या बोलायच्या, आता ती मावशी खिशात बसून दिवसाला शंभर वेळा बोलते. फिजी बेटांवर याचं एक उदाहरण नोंदलं गेलंय. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही आला. त्या सुमारास शाळकरी मुलींना विचारलं तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. तीनच वर्षांत त्याच वयाच्या मुलींत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं. त्या मुली काही एकाएकी दुबळ्या मनाच्या झाल्या नव्हत्या, त्यांच्यासमोर काय ठेवलं गेलं तेवढंच बदललं होतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. माझ्याकडे एकोणीस-वीस वर्षांची मुलं पोटावर चौकटी दिसाव्यात म्हणून पाणी पिणं बंद करून आलेली आहेत. तो वेगळा मोठा विषय आहे.

सेल्फीत चेहरा 'पसरट' दिसतो असंही लिहिलंस. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली गणिताने दाखवलं. पाच फुटांवरून काढला की हा फरक राहत नाही. हात लांब करून काढलेला फोटो बघून तू जेवण सोडतेयस, बाळा.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिली सात-आठ वर्षं माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो होते, लोकांच्या परवानगीने लावलेले. त्यातल्या एका बाईंचं वजन बाळंतपणानंतर परत वाढलं. त्या यायच्या बंद झाल्या. पुढे एकदा भाजी घेताना समोर आल्या आणि मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. माझ्या भिंतीमुळे माझ्याचकडे यायची त्यांना लाज वाटत होती. त्याच आठवड्यात भिंतीवरचे फोटो उतरवले. तेव्हापासून मी वजन मोठ्याने सांगत नाही आणि कुणाला 'छान बारीक झालीस' म्हणत नाही. कारण समोरची आजारी आहे, उपाशी आहे की दुःखात आहे, हे मला त्या क्षणी माहीत नसतं. तुला ऑफिसात सगळे 'काय केलंस गं' विचारत होते ना, त्या कौतुकाच्या काळातच तुझी पहिली पाळी चुकली होती.

मग करायचं काय? डॉक्टरांचं वर सांगितलंच. खाण्याबद्दल म्हणशील तर 'भूक लागेल तेव्हा खा' असं मी तुला आज सांगणार नाही. इतके महिने दाबलेली भूक नीट बोलत नाही. पोटात कावळे ओरडलेले तुला शेवटचे कधी आठवतात? म्हणून पहिले सहा-आठ आठवडे घड्याळाकडे बघून खायचं. सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता, दुपारचं जेवण, पाच वाजता काहीतरी, रात्रीचं जेवण, आणि ते आठ-साडेआठला झालं तरी चालतं. सातची वेळ कुठल्याही शरीरशास्त्रात लिहिलेली नाही. जेवण म्हणजे आपलंच, पोळी किंवा भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भात, दही, वर तूप. भात सोडलायस तो परत आण. अंडी खात असशील तर रोज एक-दोन. पाच वाजता मूठभर दाणे-गूळ, नाहीतर थालीपीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी आणि ४६ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. व्यायाम करणारीला त्याहून जास्त लागतं. एकदम तिथे उडी मारायची नाही, दर आठवड्याला एकेक गोष्ट वाढव. ॲप मात्र काढून टाक.

सुरुवातीला काय होईल ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरशील. पोट फुगल्यासारखं वाटेल. पहिल्या पंधरवड्यात एक-दोन किलो वाढलेले दिसतील. ते बरंचसं पाणी असतं, कारण स्नायूंत साखर साठताना दर ग्रॅममागे तीनएक ग्रॅम पाणी सोबत येतं. तुझे पहिल्या आठवड्यातले 'दोन किलो गेले' हेही तेच पाणी होतं. दिवसातून तीनदा काट्यावर उभी राहतेस, तो काटा माळ्यावर टाक. मीठ, झोप, पाळीचे दिवस यांनी वजन किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं, आणि त्यातून तुला कळण्यासारखं काहीच नसतं. डॉक्टरांना हवं असेल तर ते बघतील.

त्याऐवजी वहीत रोज चार ओळी लिही. सकाळी उठताना अंगात उमेद होती का, जेवणाआधी भूक जाणवली का आणि कुठे, पोटात, डोक्यात की हातापायांच्या थरथरीत, रात्री झोप सलग लागली का, आणि जिना चढताना दम कसा होता. सुरुवातीला तू 'माहीत नाही' असंच लिहिशील. बहुतेक जणी लिहितात. एक जण तर तीन आठवडे तेच लिहीत होती, आणि चौथ्या आठवड्यात तिने लिहिलं, 'अकरा वाजता भूक लागली, चिडचिड नाही, नुसती भूक'. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

व्यायाम पाळी येईपर्यंत निम्म्यावर आण. उड्यांची रील बंद. मैत्रिणीबरोबर तळजाई टेकडीवर गप्पा मारत चाल, मनगटावर घड्याळ न बांधता. पाळी सुरू झाली की हळूहळू वजन उचलायला शीक. ती परत यायला तीन महिने लागू शकतात, कधी सहा किंवा त्याहूनही जास्त. हे दर मुलीत वेगळं असतं.

फोन फेकून दे असं म्हणत नाही. तुझं काम, मैत्रिणी, घर सगळं त्यात आहे. पण कॅनडात १७ ते २५ वयाच्या २२० तरुणांवरचा एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला, त्यांना स्वतःचं दिसणं आणि वजन याबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. तेवढं करून बघ. ज्या रीलवर तू थांबतेस, तशाच आणखी येतात. त्यामुळे 'दिवसभरात मी काय खाते' आणि 'एकवीस दिवसांत सात किलो' दाखवणाऱ्यांना अनफॉलो कर, उरलेल्यांवर 'नको' दाब. आहाराचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगावी असे नियम आपल्याकडे २०२३ मध्ये आले आहेत. ती दिसत नसेल तर पुढे जा. आणि सकाळी डोळे उघडल्यावर पहिला अर्धा तास दुसऱ्या कुणाचं शरीर बघायचं नाही.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. चक्कर येऊन पडलीस, छातीत धडधड झाली, बिस्किटांनंतर उलटी काढावीशी वाटली किंवा काढलीस, जुलाबाच्या गोळ्या घेतल्यास, तर हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघेही लागतील, आणि ते लवकर. जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. एखाद्या रविवारी रात्री नुसतं रडू आलं तरी लाव.

आईला पाळीचं सांग. ती 'किती वाळलीस' म्हणते तेव्हा तू भांडतेस असं लिहिलंस. तिला फक्त एवढंच दिसतंय, पाळीचं माहीत नाही. तिला म्हणावं, माझ्या अंगाबद्दल बोलू नकोस, पण साताऱ्याहून मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू पाठव. आयांना काहीतरी करायला मिळालं की त्या टोमणे विसरतात. बघायला येणाऱ्यांचं म्हणशील, तर ज्यांना ४८ ची मुलगी हवी आहे त्यांच्यासाठी तुला आयुष्यभर ४८ चीच राहावं लागेल.

आणि लग्नासाठीचं ब्लाउज अजून शिवायला टाकलं नसशील, वजन उतरायची वाट बघत. या शनिवारी शिंप्याकडे जा, आजच्या मापाने शिवायला दे, आणि आत दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवायला सांग.